इंद्रायणी, कुदळवाडी आणि २०१५ चा एक शासन निर्णय

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेचे बुलडोझर आले, ते आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिलं. महापालिकेच्याच आकड्यांनुसार ८२७ एकरांवरची ४,१११ बांधकामं पाडली गेली. भंगारची गोदामं, प्लास्टिकचं काम, छोटी वर्कशॉप्स. मालक आणि कामगार, दोन्हींत मुस्लिमांची संख्या मोठी. कारणं सांगितली गेली ती अनधिकृत बांधकाम, वारंवार लागणाऱ्या आगी आणि प्रदूषण.

ही कारणं खोटी नव्हती, हे आधी मान्य करू. केबल आणि रबर जाळल्यावर जो काळा धूर निघतो, तो सगळ्यात आधी आपल्याच पोरांच्या छातीत जातो. प्रश्न वेगळा आहे. प्रदूषणाचा नियम एका ठिकाणी बुलडोझर होतो आणि दुसऱ्या ठिकाणी कागदावरच विरघळतो, असं का?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. महाराष्ट्रात २००० सालापासून नदी नियमन क्षेत्राचं धोरण होतं, २००९ मध्ये ते सुधारलं गेलं. मुद्दा साधा होता. नदीच्या पाण्याचा दर्जा पाहायचा आणि त्यानुसार लाल, नारिंगी, हिरव्या गटातले कारखाने नदीपासून किती किलोमीटर लांब असावेत ते ठरवायचं. लाल म्हणजे जास्त प्रदूषण करणारे. उद्योगांना हे धोरण नको होतं, जागा मिळत नाही ही त्यांची तक्रार. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने ते धोरणच रद्द केलं. तेव्हा 'मेक इन महाराष्ट्र'चा जोर होता, पर्यावरणमंत्री होते रामदास कदम. ना बुलडोझर, ना पोलीस बंदोबस्त. एक शासन निर्णय निघाला आणि राज्यभरच्या नद्यांच्या काठचं किलोमीटरचं बंधन गेलं.

लॉबिंग म्हटलं की आपल्याला पाकीट आठवतं. पण बहुतेक वेळा पाकिटाची गरजच पडत नाही. उद्योगांच्या संघटना असतात, त्यांचं शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटतं, निवेदन देतं, 'गुंतवणूक गुजरातला जाईल' म्हणतं. हे सगळं कायदेशीर आहे. भंगारवाल्याकडे असं शिष्टमंडळ नसतं. तो नगरसेवकाच्या ऑफिसबाहेर उभा असतो.

आता नियम पाळला जातो की नाही ते बघणारं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. १९७४ च्या जल कायद्याचं कलम ४ वाचा. अध्यक्ष राज्य सरकार नेमतं. पाचपर्यंत सदस्य सरकारी अधिकारी, पाचपर्यंत महापालिका-जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांमधले, दोन सरकारी कंपन्यांचे, आणि तीनपर्यंत बिगरसरकारी सदस्य शेती, मासेमारी, उद्योग-व्यापाराच्या वतीने. धूर आणि घाण पाणी ज्यांच्या दारात येतं, त्या रहिवाशांसाठी वेगळी खुर्ची नाही. वर कलम १८ सांगतं की राज्य सरकारचे लेखी निर्देश मंडळावर बंधनकारक आहेत.

अध्यक्षाला पर्यावरणाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव हवा, असं कायदाच म्हणतो. सप्टेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा नेमणुकांवर नाराजी दाखवत सर्व राज्यांना सहा महिन्यांत नियम करायला सांगितलं होतं. २०२४ मध्ये मंडळाचे अध्यक्ष झाले सिद्धेश कदम. ते शिवसेनेचे, आणि वर ज्यांचं नाव आलं त्या माजी पर्यावरणमंत्र्यांचे चिरंजीव. व्यक्ती कशी आहे हा इथे मुद्दा नाही. खुर्ची कुणाच्या हातात आहे, एवढं बघा.

इंद्रायणीचं काय? केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, देशात सर्वाधिक, आणि इंद्रायणी त्यात आहे. आळंदीला पांढरा फेस तरंगला की बातम्या येतात, महापालिकेला नोटिसा जातात. म्हणजे सांडपाण्यासाठी जिला नोटीस मिळते, तीच महापालिका प्रदूषणाचं कारण देऊन कुदळवाडी पाडते. गंमतच आहे, पण हसू येत नाही.

फटका फक्त आपल्याच लोकांना बसतो असंही नाही. मे २०२५ मध्ये चिखलीतच इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून पाडले गेले. आयुष्याची कमाई घातलेली ती कुटुंबं होती. बांधकाम उभं राहत होतं तेव्हा डोळे मिटून बसलेल्यांचं कुणाचं घर पडलं नाही.

ज्यांचा वर्कशॉप, बॅटरीचा किंवा भंगाराचा धंदा चाकण, तळवडे, मोशीकडे पुन्हा उभा राहतोय, त्यांनी जागेचा करार करण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: जागा विकास आराखड्यात कोणत्या झोनमध्ये आहे, आणि आपला धंदा मंडळाच्या कोणत्या रंगाच्या गटात येतो. लाल, नारिंगी, हिरव्या गटाला मंडळाचं संमतीपत्र लागतं, आणि ते 'एजंट करून देतो' म्हणाला तरी अर्ज आपल्या नावाने, पावती आपल्या हातात हवी. शेजारच्या कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात येत असेल तर त्याचं संमतीपत्र आणि तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागता येतो, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. तिथे दाद मागायची मुदत, तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून, साधारण सहा महिने.