पाय गेला, कमाई किती गेली?

सोलापूरच्या नवी पेठेत सकाळी दुकानांची शटर वर जाऊ लागली की रस्त्याच्या कडेला दुचाक्यांची रांग लागते. काउंटरवर कापड उलगडून दाखवणारा, गोदामातून गठ्ठा आणणारा, वसुलीला फिरणारा, पार्सल पोचवणारा, सगळ्यांचे पोट या गाडीवर. यातल्या एखाद्याला हैदराबाद रस्त्यावर किंवा विजयपूर रस्त्यावर ट्रकने उडवले, तर घरात पहिली चिंता दवाखान्याच्या बिलाची असते आणि दुसरी पुढच्या महिन्याच्या पगाराची. कायद्यात दोन्हींची सोय आहे. मात्र ती पदरात पाडून घेण्यासाठी लागणारे कागद पहिल्या काही दिवसांतच तयार होतात, आणि नेमके तेव्हाच घरचे लोक ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेले असतात.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरची सुमारे ४४.५ टक्के होती. जखमींचा आकडा ४ लाख ४३ हजारांवर गेला. बातमी होते ती मृत्यूची. जखमी माणूस मात्र पुढची कित्येक वर्षे दवाखाना आणि कोर्ट अशा खेपा घालत राहतो.

बिलाबाबत अलीकडे एक चांगली गोष्ट झाली आहे. मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना लागू झाली. मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता मिळतात. ही तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्येच आली होती. ती प्रत्यक्षात यायला सर्वोच्च न्यायालयाला सरकारच्या मागे लागावे लागले, हे विसरून चालणार नाही.

दवाखान्यातला पहिला कागद म्हणजे केसपेपर. अपघात कसा झाला, हे त्यावर आणून सोडणाऱ्याच्या तोंडून लिहिले जाते. घाबरलेला शेजारी ‘गाडीवरून पडला’ एवढेच सांगून मोकळा होतो आणि ट्रकचा उल्लेख राहून जातो. पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत हीच ओळ वाचून दाखवतो. म्हणून कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता धडक दिली हे तिथल्या तिथे लिहून घ्यावे, पोलिसांकडे नोंद झाली का ते पाहावे, आणि डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांच्या पावत्या एका पिशवीत राखाव्यात. नियमानुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. हाच अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. तरीही स्वतःचा अर्ज वेळेत करणे शहाणपणाचे. एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आली. या मुदतीला आव्हान दिले गेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर घर चालवू नये.

अपघात विजयपूरजवळ, म्हणजे कर्नाटकात झाला असेल तर? जखमी सोलापुरात राहत असेल तर तो इथल्याच न्यायाधिकरणात दावा लावू शकतो. कायद्याच्या कलम १६६ ने ही मुभा दिली आहे. कुबडी घेऊन परराज्यात तारखांना जायची गरज नाही.

आता पैशांचा हिशेब. बहुतेक कुटुंबांचे नुकसान इथेच होते. डॉक्टर अपंगत्वाचा दाखला देतात, त्यावर टक्के असतात, आणि सगळे त्या आकड्याला धरून बसतात. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या खटल्यात सांगितले की शरीराचे किती टक्के गेले आणि कमाईचे किती टक्के गेले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डावा हात तुटलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते; चालकाची किंवा सुताराची जवळपास शंभर टक्के कमाई जाते.

दावणगेरे भागातल्या एका भाजीविक्रेत्याचे प्रकरण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तो मोटारसायकलवर होता, ट्रॅक्टरची धडक बसली, उजवा पाय कापावा लागला. भाजी तर बसूनही विकता येते, अशा विचाराने उच्च न्यायालयाने त्याचे नुकसान कमी धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. भाजी विकायची तर आधी घाऊक बाजारातून किंवा शेतकऱ्याकडून ती आणावी लागते, हे लक्षात घेऊन ८५ टक्के कमाई गेली असे धरले. उत्पन्नाचा कागद नसतानाही महिना साडेसहा हजार रुपये मान्य केले. नवी पेठेतल्या सेल्समनला आणि यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्या कामगाराला हा निकाल जवळचा आहे.

समजा, दुकानातला नोकर २८ वर्षांचा आहे, पगार महिना १५,००० रुपये. वर्षाचे १,८०,००० झाले. भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले की २,५२,०००. वयाप्रमाणे गुणक १७, म्हणजे ४२,८४,०००. डॉक्टरांच्या दाखल्यावरचे २५ टक्के लावले तर १०,७१,००० रुपये होतात. त्याला दिवसभर उभे राहता येत नाही, जिना चढून माल आणता येत नाही, हे मालकाच्या आणि सोबत्याच्या साक्षीने सिद्ध होऊन कमाईचे नुकसान ५० टक्के धरले गेले, तर तीच रक्कम २१,४२,००० होते. औषधोपचार आणि वेदना यांचे पैसे वेगळे. जखम तीच, पगार तोच. फरक पडतो तो साक्षीने.

विमा कंपनी जखमीच्या चुकाही काढते. लायसन्स नव्हते, गाडीवर तिघे होते. असा नियमभंग दंडाला पात्र असतो; पण त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दिसल्याखेरीज, निव्वळ त्यावरून भरपाई कापता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे लायसन्सबद्दल २००८ मध्ये आणि तिघांबद्दल २०२० मध्ये सांगितले आहे. मागे बसणाऱ्याची गोष्ट निराळी. चालवणाऱ्याच्याच चुकीने गाडी घसरली आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर मागच्याला विमा कंपनीकडून बहुधा काही मिळत नाही. नूतनीकरण करताना हे कोणी सांगत नाही.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करायचा. रक्कम तुटपुंजी आहे, तरी ती सोडू नये.

राहिला वकील. ‘आत्ता काही देऊ नका, मिळतील त्यातले इतके टक्के द्या’ हा सौदा दवाखान्याच्या आवारातच होतो. वकिलाने मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यांवर फी ठरवणे नियमबाह्य आहे. २०१७ मध्ये मोटार अपघाताच्याच एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावले. तिथे अपघातात पती गमावलेल्या बाईकडून वकिलाने लाखो रुपये घेऊन वर आणखी तीन लाखांचा चेक घेतला होता. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि राज्यात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असलेले यांना वकील मोफत मिळतो. हेल्पलाइनचा क्रमांक १५१००.

बरेच दावे लोकअदालतीत मिटतात. पैसे लवकर हाती येतात, हे खरे. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वरच्यासारखा हिशेब वकिलाकडून कागदावर मांडून घ्यावा, आणि कंपनी देऊ करते ती रक्कम कोणत्या टक्क्यावर काढली आहे, ते विचारावे.