पीसीपी एअर रायफल

पीसीपी एअर रायफल ही आधीच दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर छर्रा फेकणारी रायफल आहे. ‘पीसीपी’ हे ‘प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक’ या नावाचे लघुरूप होय. या रायफलीच्या नळीखाली सुटा करता येणारा हवेचा सिलिंडर असतो. तो मोठ्या बाटलीतून, हातपंपाने किंवा कॉम्प्रेसरने भरला जातो आणि प्रत्येक नेमाच्या वेळी त्यातील अल्पशी हवा छर्ऱ्यामागे सोडली जाते. १० मीटर एअर रायफल या ऑलिंपिक प्रकारात आज जवळजवळ सर्वत्र हीच रायफल वापरली जाते. तिची किंमत लाखांच्या घरात जात असल्याने आणि ती वापरणारे बहुतेक नेमबाज शाळा-महाविद्यालयांतील असल्याने तिची निवड हा कुटुंबाच्या दृष्टीनेही मोठा निर्णय ठरतो.

मुंबईतील नेमबाजी

मुंबईत या खेळाची जुनी केंद्रे दादर-वरळी पट्ट्यात आहेत. शिवाजी पार्कसमोरील स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात रायफल नेमबाजीचे प्रशिक्षण दिले जाते, तर वरळी येथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. शिवाजी पार्कपासून चालत जाण्याजोग्या अंतरावरील कीर्ती महाविद्यालयात असताना अंजली वेदपाठक (पुढे भागवत) राष्ट्रीय छात्रसेनेमार्फत नेमबाजीकडे वळल्या. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. २००४ मध्ये अथेन्स येथे सुमा शिरूर यांनीही अंतिम फेरीत प्रवेश केला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष, म्हणजेच लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते.

स्प्रिंगपासून बाटलीपर्यंत

दाबलेल्या हवेची सुटी टाकी ही कल्पना नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी याने रचलेली हवेची रायफल वापरली होती. तिचा दस्ता हीच हवेची टाकी असे आणि ती भरण्यासाठी पंपाचे सुमारे दीड हजार झटके मारावे लागत. ही रायफल मागे पडण्यामागे ती भरण्याचा आणि सांभाळण्याचा हा खटाटोपही होता.

विसाव्या शतकात स्पर्धेसाठी प्रथम स्प्रिंगच्या रायफली आल्या. भारतातील बहुतेक नेमबाजांचा पहिला परिचय आजही स्प्रिंगच्या छर्ऱ्याच्या बंदुकीशी होतो. मुंबईच्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीच्या आयएचपी छापाच्या बंदुका अनेक क्लबांत होत्या. स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढताच जड दट्ट्या पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच बंदूक हादरते. हा हादरा टाळण्यासाठी एका झटक्यात हवा दाबणाऱ्या रायफली आल्या, परंतु तेथे प्रत्येक नेमासाठी तरफ ओढावी लागते आणि साठ नेमांत खांदा थकतो.

त्यानंतर काही काळ कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर वापरले गेले. हा वायू द्रवरूपात साठत असल्याने त्याचा दाब तापमानावर अवलंबून राहतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार, तर ३० अंशांना सुमारे ७२ बार असतो. ३१ अंशांच्या पुढे तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. मुंबईच्या मे महिन्यात पंख्याखाली चालणाऱ्या रेंजवर अशी रायफल सकाळी एका ठिकाणी आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी मारते. साध्या हवेच्या बाबतीत हा फरक बराच कमी असल्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादक हवेच्या सिलिंडरकडे वळले. आज या क्षेत्रात फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, आनशुट्झ ही जर्मन, स्टायर हे ऑस्ट्रियन आणि पार्दिनी हे इटालियन नाव प्रमुख आहे. भारतात ठाणे जिल्ह्यातील प्रिसिहोल ही कंपनी पीसीपी रायफली तयार करते.

रचना

सिलिंडरमधील दाब साधारणपणे २०० बारपर्यंत असतो. मोटारीच्या चाकातील दाब दोन-सव्वादोन बार असतो हे लक्षात घेतल्यास या आकड्याचा अर्थ उमगतो. इतका दाब थेट छर्ऱ्यामागे सोडला जात नाही. मध्ये असलेला रेग्युलेटर तो कमी करून एका ठरावीक पातळीवर धरून ठेवतो. चाप ओढल्यावर छोटा हातोडा झडपेवर आपटतो, झडप क्षणभर उघडते आणि मोजकी हवा नळीत जाते.

रायफलीचा खरा कस या रेग्युलेटरमध्ये लागतो. स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. हवेचा अवरोध वगळल्यास १० मीटर अंतर कापेपर्यंत तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १७२ मीटर झाला, तर तो सुमारे ०.४ मिलिमीटर कमी खाली येतो. ही तफावत नगण्य वाटते, पण लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि दशांश गुणांकनात पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना दीड दशांश गुण गेला. पदके याहून कमी फरकाने ठरल्याची उदाहरणे आहेत. रेग्युलेटर नसलेल्या रायफलीत सिलिंडर भरलेला असताना, अर्धा असताना आणि संपत आला असताना वेग वेगवेगळा येतो. अशी रायफल सरावासाठी चालते, स्पर्धेसाठी नाही.

निवड

परदेशी बाजारात ‘बाटलीची रायफल’ म्हणून ओळखला जाणारा एक वेगळा प्रकार आहे. त्यात सिलिंडरच्या जागी तीनशे-पाचशे घनसेंटिमीटरची बाटली बसवलेली असते, दुर्बीण असते, आणि नळी पुष्कळदा ५.५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असते. ती लांब अंतराच्या नेमासाठी उत्तम असते, परंतु ऑलिंपिक प्रकारात तिला प्रवेश नाही. तेथे नळी ४.५ मिलिमीटरचीच लागते, दुर्बीण चालत नाही, रायफलीचे वजन साडेपाच किलोपेक्षा अधिक असू शकत नाही आणि यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंतची लांबी ८५० मिलिमीटरच्या आत असावी लागते. अधिक शक्तिशाली रायफल अधिक अचूक असते, हा समज नवख्या खरेदीदारात सर्वाधिक आढळतो आणि तोच सर्वाधिक महाग पडतो. कागदी लक्ष्याला भोक पाडण्यास सात-साडेसात ज्यूल पुरतात.

उच्च दर्जाच्या रायफलींमध्ये नळीच्या गुणवत्तेचा फरक आता फार थोडा उरला आहे. चांगली नळी शिकंज्यात पकडून दहा छर्रे मारले असता सारी भोके एकमेकांत मिसळून एकच भोक दिसते. मात्र प्रत्येक नळीला विशिष्ट छर्रा मानवतो. छर्ऱ्यांच्या डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५२ मिलिमीटर अशा सूक्ष्म फरकाने मिळतो. त्यामुळे नळी बदलण्याचा विचार करण्यापूर्वी छर्रे बदलून पाहणे शहाणपणाचे असते आणि स्वस्तही.

खरा फरक पडतो तो दस्त्याने. उभ्याने नेम धरताना रायफलीचा भार डाव्या हातावरून कमरेच्या हाडावर उतरतो, गाल दस्त्यावर टेकतो आणि डोळा मागील दृष्टिछिद्रासमोर आपोआप यावा लागतो. मान वाकवून डोळा जुळवावा लागत असेल, तर रायफल कितीही महाग असली तरी ती त्या नेमबाजाची नाही. गालपट्टी, खांद्याची पट्टी, हाताची मूठ आणि दस्त्याची लांबी या चारही गोष्टी जुळवता येतात का, हे विकत घेण्यापूर्वी जॅकेट घालून, उभे राहून पाहावे लागते. वाढत्या वयातील मुलांसाठी अॅल्युमिनियमचा जुळवता येणारा दस्ता सोयीचा ठरतो, कारण दोन वर्षांत उंची वाढते आणि लाकडी दस्ता अपुरा पडतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींना साडेपाच किलोच्या मर्यादेपर्यंत नेणे कमरेसाठी घातक असते. हलकी रायफल घेऊन पुढे वजने जोडण्याची सोय असावी.

चापाला एअर रायफलमध्ये किमान वजनाची अट नाही. यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक असे दोन प्रकार मिळतात. यांत्रिक चापाची दुरुस्ती भारतात सहज होते, इलेक्ट्रॉनिक चापाचे सुटे भाग मात्र परदेशातून मागवावे लागू शकतात. चाप दोन टप्प्यांचा असावा आणि छर्रा व हवा न सोडता केवळ चाप ओढण्याचा कोरडा सराव करता यावा. दादरच्या घरांत १० मीटर लांबीची मोकळी जागा मिळणे अवघडच, त्यामुळे घरी होणारा बहुतेक सराव कोरडाच असतो.

हवा भरणे आणि सुरक्षा

सिलिंडर भरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाणबुड्यांकडे असते तशी मोठी बाटली. मोठ्या बाटलीतील हवा लहान सिलिंडरमध्ये दोन्हीकडचा दाब समान होईपर्यंत जाते, म्हणून बाटलीचा आकार महत्त्वाचा ठरतो. समजा, ०.२ लिटरचा सिलिंडर दर वेळी ७० बारपर्यंत रिकामा होतो आणि बाटलीत सुरुवातीला २०० बार दाब आहे. १० लिटरच्या बाटलीतून पहिल्या भरणीला सुमारे १९७ बार मिळतात आणि दहाव्या भरणीलाही सुमारे १७७ बार मिळतात. ३ लिटरच्या बाटलीतून पहिल्या भरणीला १९२, पाचव्या भरणीला १६४ आणि दहाव्या भरणीला सुमारे १३८ बार मिळतात. क्लबला मोठी बाटली परवडते. एकट्या नेमबाजाला लहान बाटली आणि क्लबचा कॉम्प्रेसर असा मेळ पुरतो. हातपंप प्रवासात उपयोगी असला, तरी तो हवेबरोबर आर्द्रताही आत घेतो.

मुंबईत हा आर्द्रतेचा प्रश्न विशेष आहे. शिवाजी पार्कच्या पश्चिमेला समुद्र अगदी जवळ आहे आणि पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीच असते. अशी हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. हे पाणी सिलिंडरच्या तळाशी साचते, झडपेची बैठक खराब करते आणि पोलादी भाग गंजवते. म्हणून पंप किंवा कॉम्प्रेसरला ओल शोषणारा गाळक असणे आणि त्यातील दाणे वेळेवर बदलणे आवश्यक असते. भरणी सावकाश करावी लागते, कारण घाईने भरलेली हवा तापते आणि थंड झाल्यावर दाब उतरतो.

सिलिंडरमध्ये केवळ हवाच भरली जाते. वैद्यकीय किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन सहज मिळतो म्हणून तो भरणे प्राणघातक आहे. उच्च दाबाखालील ऑक्सिजनशी तेलाचा किंवा ग्रीसचा संपर्क आला की स्फोट होऊ शकतो. झडपेला घरगुती तेल लावू नये, ते याचमुळे. २०० बारचा सिलिंडर ३०० बारच्या बाटलीला थेट जोडणेही तितकेच धोक्याचे आहे. ही चूक टळावी म्हणून दोन्हींची जोडणी मुद्दामच वेगळ्या लांबीची केलेली असते. न बसणारी जोडणी बाजारातील अडॅप्टर लावून ‘जमवणे’ म्हणजे हीच सुरक्षा काढून टाकणे होय.

भारतात वायूच्या बाटल्यांवर वायू सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. या नियमांत ५०० मिलिलिटरहून मोठ्या पात्रालाच सिलिंडर मानले आहे. भरणीची मोठी बाटली त्यामुळे नियमांच्या कक्षेत येते आणि तिची ठरावीक काळाने जलदाब चाचणी करावी लागते. रायफलीचा छोटा सिलिंडर या कक्षेबाहेर राहतो आणि तेथे उत्पादकाने कोरलेली मुदत हाच आधार उरतो.

कायदा

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीस परवान्यातून सूट आहे. खरेदीच्या वेळी विक्रेत्यास ओळखीचा व पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. परदेशी संकेतस्थळांवर दिसणाऱ्या अनेक बाटलीच्या रायफली ही मर्यादा ओलांडतात आणि परवान्याशिवाय त्या मागवल्यास त्या सीमाशुल्क विभागात अडकण्याबरोबरच गुन्हाही दाखल होऊ शकतो. पक्षी किंवा प्राणी मारण्यासाठी एअर रायफल वापरणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली अडचणीचे ठरते, मग ती विनापरवाना घेता येणारी असो वा नसो.

जुनी रायफल घेताना

नव्या आयात रायफलीची किंमत पाहता पुष्कळ नेमबाज क्लबमधील ज्येष्ठ खेळाडूची जुनी रायफल घेतात. हा व्यवहार बहुधा लाभाचा असतो, कारण नळी झिजत नाही असे म्हणण्याइतकी ती टिकते. सिलिंडर मात्र टिकत नाही. बहुतेक उत्पादक त्याला निर्मितीपासून दहा वर्षांची मुदत देतात आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ती पाळण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. सिलिंडर बाहेरून कितीही नवा दिसला तरी मुदत संपलेल्या सिलिंडरसह साहित्य तपासणीच्या टेबलावर गेलेल्या मुलाला स्पर्धेबाहेर राहावे लागू शकते. म्हणून जुन्या रायफलीचा भाव ठरवताना सिलिंडरवर कोरलेले वर्ष आधी वाचले जाते आणि मुदत जवळ आली असल्यास नव्या सिलिंडरची किंमत भावातून वजा केली जाते. त्यानंतर सिलिंडर भरून रायफल रात्रभर तशीच ठेवतात आणि सकाळी दाबमापकाचा काटा पाहतात. काटा उतरला असेल, तर झडपेचे किंवा रेग्युलेटरचे रबरी वेढे बदलण्याचा खर्चही त्यात धरावा लागतो.