हातांची भूक

"ताई, दार जरा लोटून घेऊ का?" दुपारी आमच्याकडे आलेली ती आधी हेच म्हणाली. आमच्याच गल्लीतली सून. मुलगा चार वर्षांचा. पाणी प्यायली आणि एकदम रडायलाच लागली.

"सकाळी उठून बघते तर चादर, उशी, भिंत सगळं बरबटलेलं. यानं शी हातात घेऊन सगळीकडे फासली होती आणि वर हसत होता! आज तिसरा दिवस. मी त्याला फार मारलं हो ताई. सासूबाई म्हणतात, हाताला एकदा चटका दे म्हणजे विसरायचा नाही. आणि हे म्हणतात, तुझंच लक्ष नसतं."

चार महिने ती माहेरी गेली नव्हती की कुणाच्या हळदीकुंकवाला. लोकांना कळलं तर काय म्हणतील!

मैत्रिणींनो, विषय वाचून नाक मुरडू नका. हे अनेक घरांत घडतं, फक्त कुणी बोलत नाही. आपल्याला जी किळस येते ती लहान मुलाला उपजत नसते, ती हळूहळू येते. म्हणून दीड-दोन वर्षांची बरीच मुलं एखाद्या वेळी असं करतात आणि पुढे विसरूनही जातात. पण काही मुलांचं ते सुटत नाही. स्वमग्न किंवा उशिरा वाढ होणाऱ्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं. अर्थात, असं करणारं प्रत्येक मूल स्वमग्नच असतं असं मुळीच नाही.

जीन एअर्स या अमेरिकन व्यावसायोपचार तज्ज्ञ बाईंनी १९७२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. स्पर्श, तोल, स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव यांचा मेळ मेंदू कसा घालतो, हे त्यांनी मांडलं. काही मुलांना स्पर्शाची भूक इतरांपेक्षा जास्त असते. मऊ, कोमट, चिकट आणि वासाचं असं सगळं एकदम देणारी वस्तू त्यांना स्वतःच्या चड्डीतच सापडते! त्यात आईनं आरडाओरडा केला की ती आणखी एक गंमत. म्हणजे हा वाह्यातपणा नाही, ही हातांची भूक आहे. आणि भूक मारून जात नाही.

मग करायचं काय? पहिलं काम, डॉक्टरांना दाखवणं. पोटात खडा धरलेला असला की मूल सारखं मागे हात नेतं. कधी घट्ट शी आत अडकते आणि बाजूनं पातळ झिरपत राहते. आपल्याला वाटतं, जुलाब झालेत. जंतांमुळे खाज सुटते, तेव्हाही हात तिकडेच जातो. यावर औषध असतं, चटक्याची गरज नसते.

दुसरं, वेळ बांधून द्या. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते. म्हणून नाश्ता किंवा जेवण झालं की थोड्या वेळानं पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड किंवा पॉटी असेल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा. स्वच्छ कसं करायचं, तेही हात धरून शिकवा. बऱ्याच मुलांना तेच येत नसतं.

तिसरं, हातांना दुसरं काम द्या. रोज ठरलेल्या वेळी कणकेचा गोळा मळायला द्या, ओल्या मातीत खेळू द्या, परातीत पाणी आणि स्पंज द्या. घरी रोज कणीक भिजवतोच की आपण! वासाची ओढ असेल तर कणकेत थोडी वेलची किंवा ओवा घाला.

रात्री किंवा दुपारी एकटं झोपताना मागून बटणं असलेला, अंगाबरोबरचा एकसंध कपडा घाला. ही शिक्षा नव्हे, नुसती सोय. आणि तरी घडलंच, तर चेहरा शांत ठेवा. "शी संडासात. चल, हात धुऊ." एवढंच बोला. धुताना पाण्याचा खेळ होऊ देऊ नका. जागेवर केली की मात्र भरपूर कौतुक करा.

त्याचं बोलणं, खेळणं, नजर देणं याबद्दलही शंका असेल तर अंगणवाडीत सांगा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तिथे मुलांची तपासणी होते. पुढे गरज असली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

दीड महिन्यानं ती पुन्हा आली, मुलाला घेऊन. खडा धरत होता, औषधानं पोट मोकळं झालं. "सुटलं का गं पूर्ण?" मी विचारलं. "नाही ताई. या महिन्यात दोनदा केलंन. पण मी मारलं नाही." सासूबाई आता संध्याकाळी त्याला कणकेचा गोळा देतात म्हणे, आणि त्याच्या वेड्यावाकड्या पोळीला तव्यावर जागाही.

ती निघाली तेव्हा दार उघडंच होतं.