श्वानगाडीची सहल : निघण्यापूर्वीचा विचार

जालन्याच्या उन्हाची सवय असलेल्या कुटुंबाने आर्क्टिक वृत्तापाशी जाऊन कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाडीत बसावे, ही कल्पना वीस वर्षांपूर्वी कोणी गांभीर्याने घेतली नसती. आज फिनलंडमधील रोव्हानिएमीच्या सहली पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांत सर्रास दिसतात आणि नव्या पिढीच्या आग्रहाने त्या ठरतातही. तयारी म्हटली की गरम कपडे आठवतात. श्रावक कुटुंबाची तयारी मात्र सूर्योदयाच्या वेळेपासून सुरू व्हावी.

रोव्हानिएमी जवळजवळ आर्क्टिक वृत्तावरच वसले आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तेथे सूर्य अकरानंतर उगवतो आणि दीडच्या आत मावळतो. नवकारसीची ४८ मिनिटे वजा केली, तर चौविहार पाळणाऱ्यास जेवणासाठी जेमतेम दीड तास उरतो. आणखी उत्तरेस तर सूर्य कित्येक दिवस उगवतच नाही. फेब्रुवारीच्या मध्यास दिवस सुमारे आठ तासांचा होतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांचा. बर्फ तोवर भरपूर असते. पण मार्चअखेरचे हिशेब टाकून व्यापारी निघेल, ही अपेक्षा व्यर्थ! म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध सोयीचा.

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास दुग्धजन्य पदार्थ सोबत नेता येत नाहीत. तूप, पेढे, दुधाची भुकटी घरीच ठेवावी. तेलाचे खाकरे आणि भाजलेले चणे न्यावेत. ‘शाकाहारी’ एवढे कळवून भागत नाही, कारण तेथील शाकाहारी सूपात बटाटा आणि गाजर असतेच. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्याचे आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावे.

थंडी उणे दहापासून उणे तीस अंशांपर्यंत. अंगालगत सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो आणि अंग गारठते. वरचा पोशाख व बूट बहुधा आयोजकच देतात. त्यांत पक्ष्यांची पिसे, फर वा चामडे आहे काय, हे आधी विचारावे. कृत्रिम तंतू भरलेली जाकिटे सहज मिळतात.

खरा प्रश्न कुत्र्यांचा आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणात नेहमी आठवले जातात: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. आयोजकाची पारख करण्यास याहून नेमकी प्रश्नावली सापडणार नाही. कुत्री दिवसभर साखळीला असतात, की कुंपणात मोकळी? हाकताना आवाजाच्या खुणा पुरतात, की मारही दिला जातो? छविच्छेद म्हणजे अवयव कापणे. येथे निदान पट्ट्याने खांदा सोलवटलेला नाही ना, हे जुवाखालची बैलाची मान तपासणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेने पाहावे. गाडीत दोन प्रौढ असतील तर कुत्री किती जुंपतात? दिवसातून किती फेऱ्या आणि मध्ये पाणी, विसावा किती? थंडीचा बाऊ मात्र करू नये. दाट केसांच्या या जातींना उणे दहा-पंधरा अंश मानवतात. उलट उकाडाच त्यांना सोसत नाही. सुटण्यापूर्वी ती ओरडून गोंधळ घालतात आणि गाडी हलताच शांत होतात.

म्हाताऱ्या कुत्र्यांचे पुढे काय होते, हेही विचारावे. कॅनडातील व्हिस्लर येथे २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकनंतर मागणी घटताच गाडी ओढणारी डझनावारी कुत्री मारली गेली. २०११ मध्ये हे उघड झाल्यावर तेथे मोठा क्षोभ उसळला. गोशाळा-पांजरापोळ चालवणाऱ्या समाजाने या प्रश्नाचे गुळमुळीत उत्तर स्वीकारू नये.

आणखी एक गोष्ट पत्रकात छापलेली नसते. ही कुत्री मांसावर पोसली जातात आणि तिकिटाचा पैसा तिकडेही जातो. याचा निर्णय आयोजक देऊ शकत नाही. तो घरातील थोरामोठ्यांसह बसूनच घ्यावा लागेल. श्वानगाडी बहुतेक सहलींत स्वतंत्र शुल्काची असते, त्यामुळे ती वगळूनही बाकीची सहल करता येते. तिच्याऐवजी बर्फावर चालण्याचे रुंद जोडे बांधून वाटाड्यासह जंगलात फिरण्याची सोय तेथे असते.