तीस तासांची मुभा

मुंबई महापालिकेच्या जल अभियंता खात्याची आठवण शहराला होते ती सोसायटीच्या फलकावर सूचना लागली की. पाणी बंद राहील, जपून वापरा, पुढचे काही दिवस गाळून-उकळून प्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशीच सूचना लागली होती: ५ तारखेला सकाळी ११ ते ६ तारखेला संध्याकाळी ५, असे तीस तास. भांडुप, कुर्ला, अंधेरी पूर्व, वांद्रे पूर्व, धारावी या भागांतल्या लोकांनी बादल्या-पिंपे भरून ठेवली. पवई ते मरोशी जलबोगदा या टप्प्यात तानसा पूर्व आणि तानसा पश्चिम या १८०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्यांचा भाग बाजूला काढून २४०० मिलिमीटरची नवी वाहिनी चालू करायची होती.

दोनांच्या जागी एक? हिशेब शाळेतलाच आहे. नव्या वाहिनीचे तोंड दोन जुन्यांच्या बेरजेपेक्षा थोडे लहानच भरते. पण पाण्याला अडवतात त्या नळाच्या भिंती. दोन नळांचा मिळून परीघ सव्वाअकरा मीटर, एका मोठ्याचा साडेसात. त्यामुळे त्याच उतारावर एकटी नवी वाहिनी दोघींहून जास्त पाणी नेते. शिवाय जुन्या लोखंडाला आतून गंजाचे फोड येतात, पाण्याची वाट आणखी अडते. नव्या पोलादी नळाला आतून सिमेंटचा गुळगुळीत थर देतात.

तानसा तलावाचे पाणी मुंबईत १८९२ पासून येते. त्याआधी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव झाले. पुढे मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. दर वेळी नवे धरण बांधले, नवी वाहिनी घातली. जुनी मात्र लगेच काढली नाही. काढणार कशी? शहर तिचेच पाणी पीत होते. म्हणून नवी वाहिनी वर्षानुवर्षे जुनीच्या शेजारी तयार होत राहते आणि शेवटच्या जोडणीपुरती खात्याला तीस तासांची मुभा मिळते.

या तीस तासांतला बराच वेळ कापण्या-जोडण्यात जातच नाही. १८०० मिलिमीटरच्या नळात एका किलोमीटरमागे सुमारे २५ लाख लिटर पाणी असते, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर. आधी झडपा फिरवायच्या, त्याही सावकाश. धावते पाणी एकदम अडवले तर त्याचा धक्का मागे येऊन नळच फोडतो. मग सखल जागेवरून पाणी सोडायचे आणि उंचावरच्या हवेच्या झडपा उघड्या आहेत ना ते बघायचे. हवा आत गेली नाही तर आत पोकळी होते आणि पातळ पत्र्याची वाहिनी बाहेरच्या दाबाने चेपते. जुन्या झडपा कधीच पुरत्या बंद होत नाहीत. तळाशी पाणी झिरपत राहते, ते पंपाने उपसत वेल्डरने चिखलात जोड मारायचा. भरतानाही घाई चालत नाही, कारण आता आतली हवा बाहेर निघायची असते. टेकडीवरच्या आणि टोकाच्या वस्तीला पाणी सगळ्यांत शेवटी पोचते, त्याचे कारण हेच. तिथल्या माणसाला तीस तासांचे चाळीस झाले तर सूचना खोटी वाटते.

अलीकडे खात्याचा कल बोगद्यांकडे आहे, शंभर मीटरच्या आसपास खोल, खडकातून. खाली गंज नाही, चोरी नाही, वर झोपड्या हटवण्याचा प्रश्न नाही. (तानसा वाहिनीलगतची दहा मीटर जागा न्यायालयाच्या आदेशाने मोकळी केली, तेव्हा तिथली अनेक कुटुंबे माहुलच्या प्रदूषणात जाऊन पडली.) तरी तिथेही माणूस पोचतोच. ठाण्यात कूपनलिका खोदणाऱ्यांनी अशाच एका बोगद्याला भोक पाडले. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईला पंधरा टक्के पाणीकपात सोसावी लागली.

मोठ्या वाहिन्यांचे काम दिसते, त्याला पैसाही मिळतो. माझ्या मते खरे दुखणे गल्लीत आहे. शहराच्या पाण्याचा साधारण तिसरा हिस्सा गळती, चोरी आणि न मोजलेल्या वापरात जातो. मुंबईत पाणी ठराविक तासच येते. चावीवाला झडप फिरवतो तेव्हा. बाकीचा वेळ नळ रिकामा, आणि गंजलेल्या भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते. वस्तीतल्या नळांचे जुडगे तर थेट गटारातून गेलेले. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची जोडणी सांभाळायची जबाबदारी ग्राहकाची, असा नियम आहे. ती बदलायची म्हटली की खाते ग्राहकाकडे बोट दाखवते आणि वस्ती नगरसेवकाकडे. मार्च २०२२ नंतर काही वर्षे तर मुंबईत नगरसेवकच नव्हते.