सोळा वड्या, पण प्रयोग एकच

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमच्या प्रयोगात एन किती?" एन म्हणजे नमुनासंख्या. उत्तर बहुतेकांच्या तोंडावर असतं. पण समोरच्याने "हे सगळे नमुने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का?" असं विचारलं की गाडी अडते. हा मुद्दा सूत्रांपेक्षा ओव्हनसमोर लवकर कळतो, म्हणून आज ॲपल क्रम्बल बार्स करू. घरी ओटीजी आणि वजनकाटा असला की झालं.

आधी कृती. 20 सेंटीमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी 240 ग्रॅम मैदा, 80 ग्रॅम ओट्स, 120 ग्रॅम साखर, 170 ग्रॅम थंड बटर आणि एक चमचा दालचिनी पूड घ्या. खारं बटर असेल तर वेगळं मीठ नको. बटरचे तुकडे पिठात बोटांनी चोळा. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन चोळतो ना, तसंच. मूठ वळली पाहिजे आणि बोट लावलं की फुटली पाहिजे. स्निग्धांश पिठाच्या कणांवर बसतो, त्यामुळे प्रथिनांना पाणी कमी मिळतं, ग्लुटेनची जाळी नीट बनत नाही आणि वडी खुसखुशीत होते. आपल्या मोहनामागचं आणि या क्रम्बलमागचं रसायन एकच आहे.

यातला दोन तृतीयांश चुरा बटर पेपर लावलेल्या ट्रेत दाबून बसवा. वर सोललेल्या सफरचंदाचे 400 ग्रॅम पातळ काप पसरा. त्यांना आधी 40 ग्रॅम साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर लावून घ्या. उरलेला चुरा वरून भुरभुरवा आणि 180 अंश सेल्सिअसला 35 ते 40 मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्यावरच कापा, कारण कॉर्नफ्लोअर आणि सफरचंदातलं पेक्टिन गार होताना घट्ट बसतात. चार बाय चार कापलं की सोळा वड्या.

आता खरी अडचण. या वड्यांचा तळ बऱ्याचदा ओलसर, गिच्च राहतो. सफरचंदात वजनाच्या सुमारे 85 टक्के पाणीच असतं. साखर लावली की ते बाहेर येतं आणि खाली मुरतं. यावर दोन उपाय सुचतात. एक, तळाचा थर सफरचंद घालण्याआधी 15 मिनिटं नुसता भाजून घ्यायचा. दोन, काप साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवायचे आणि सुटलेलं पाणी काढायचं.

इथे थांबा. दोन्ही उपाय एकदम केले आणि तळ कुरकुरीत झाला, तर श्रेय कोणाला द्याल? सांगता येणार नाही. मग "एका वेळी एकच गोष्ट बदला" हा शाळेतला नियम आठवतो. तो वाईट नाही, पण अपुरा आहे. समजा, पाणी काढल्यावर आधी भाजण्याचा काहीच फायदा उरत नाही. म्हणजे एका उपायाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून आहे. याला आंतरक्रिया म्हणतात आणि ती दिसायला चारही जोड्या कराव्या लागतात: दोन्ही नाही, फक्त भाजणं, फक्त पाणी काढणं, दोन्ही. साधारण 10 सेंटीमीटरचे चार सारखे डबे घ्या, वरचंच साहित्य चौघांत वजन करून वाटा आणि चारही डबे शेवटी एकत्र भाजा.

दोन बारकावे सांभाळा. सफरचंदाच्या पाण्याबरोबर साखरही निघून जाते. ते नुसतं फेकलंत तर तुम्ही ओलावा आणि गोडी दोन्ही बदललीत. म्हणून ते पाणी आटवून दाट करा आणि कापांत परत घाला, कॉर्नफ्लोअर त्यानंतर लावा. मग बदललं ते फक्त पाणी. दुसरं, ओटीजीचा एखादा कोपरा जास्त तापतो. कुठला डबा कुठे ठेवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आवडता उपाय नकळत चांगल्या कोपऱ्यात जाऊ नये, एवढ्यासाठीच यादृच्छिकीकरण असतं.

"चांगला झाला" हे मोजमाप नव्हे. भाजण्याआधी आणि नंतर डब्याचं वजन करा. कमी झालेले ग्रॅम म्हणजे मुख्यतः उडालेलं पाणी. तळाच्या कुरकुरीतपणासाठी मात्र माणूस लागतो, आणि माणसाला कुठला तुकडा कुठला हे कळता कामा नये. त्यासाठी त्रिकोणी चाचणी सोपी आहे. एकाला तीन तुकडे द्यायचे, दोन एका प्रकारचे, एक वेगळा. वेगळा कुठला ते त्याने ओळखायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश. पाच जणांना विचारलं तर तीन किंवा जास्त जण निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता जवळपास 21 टक्के आहे. चार किंवा जास्त येण्याची सुमारे 4.5 टक्के. म्हणजे पाचातल्या तिघांनी ओळखलं म्हणून उड्या मारू नका.

चवीवरून संख्याशास्त्र ही काही थट्टा नाही. रोनाल्ड फिशर यांनी 1935 च्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात चहाचंच उदाहरण घेतलं. दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखतो असं म्हणणाऱ्या बाईंना आठ कप द्यायचे, चार असे, चार तसे. चार कप निवडण्याचे 70 मार्ग होतात, म्हणून नुसत्या नशिबाने सगळं बरोबर येण्याची शक्यता 70 मध्ये एक.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. समजा, तुम्ही एक ट्रे तळ आधी भाजून केलात आणि एक न भाजता. दोन्हींच्या सोळा-सोळा वड्या कापल्या आणि प्रत्येकीचा ओलावा मोजला. एन किती? बत्तीस म्हणावंसं वाटतं. पण "तळ आधी भाजणे" हा उपचार वडीला दिला नव्हता, ट्रेला दिला होता. एका ट्रेच्या सगळ्या वड्यांचा मैदा एक, सफरचंद एक, त्या दिवशीचं तापमान एक. दुसऱ्या ट्रेच्या वेळी ओव्हन थोडा कमी तापला असेल, तर सोळाच्या सोळा वड्या त्याच बाजूला झुकतील. म्हणून प्रत्येक पद्धतीचा एन एक. सोळा मापांनी एवढंच कळतं की या एका ट्रेमध्ये जागोजागी ओलावा किती बदलतो. त्रिकोणी चाचणीलाही हेच लागू आहे. हे दोन ट्रे वेगळे लागतात, एवढं ती सांगेल. पद्धतीमुळे वेगळे लागतात की आणखी कशामुळे, हे ती सांगणार नाही. त्यासाठी वेगवेगळ्या दिवशी, नव्याने चुरा चोळून, नवे ट्रे करावे लागतात.

या चुकीला छद्म-पुनरावृत्ती म्हणता येईल. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये परिसंस्थाशास्त्रातले प्रयोग तपासून तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. ती वड्यांपुरती नाही. एका पिंजऱ्यातले दहा उंदीर, एका कुंडीतली वीस रोपं, एका वर्गातले साठ विद्यार्थी: औषध पिंजऱ्याच्या पाण्यात मिसळलं, खत कुंडीला घातलं, नवी शिकवण्याची पद्धत अख्ख्या वर्गाला दिली, तर स्वतंत्र एकक पिंजरा, कुंडी आणि वर्ग हेच.

हे आत्ताच का सांगतोय? वडी बिघडली तर 240 ग्रॅम मैदा जातो. प्रबंधात हेच तिसऱ्या वर्षी, सगळी मापं घेऊन झाल्यावर लक्षात आलं, तर कितीही चांगली सांख्यिकी चाचणी लावून ते भरून निघत नाही. गणित नंतर सुधारता येतं, न केलेली पुनरावृत्ती नंतर आणता येत नाही.

तेव्हा तुमच्या आराखड्यात "नमुनासंख्या" लिहिलेली ओळ काढा आणि तिच्याखाली दोन वाक्यं लिहा. उपचार नेमका कशाला दिला? अशी एककं स्वतंत्रपणे किती तयार केली? दुसऱ्या वाक्यातला आकडा म्हणजे तुमचा एन. तो लहान निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, अजून ट्रे ओव्हनमध्ये गेलेला नाही. मार्गदर्शकांशी आजच बोला.