आभाळातली वाहतूक, भाग 6 : एटीआरच्या मागे दोन मिनिटं

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात विमानाचा आवाज आला म्हणून आता कुणी अंगणात धावत नाही. शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेची शिकाऊ विमानं सातपुड्याच्या कडेने घिरट्या घालतात, त्याची सवय झाली आहे. 16 जुलै 2021 रोजी त्यातलंच एक वर्डी शिवारात कोसळलं, तेव्हा मात्र सारा तालुका हादरला. तो अपघात आजचा विषय नाही. आज बोलायचंय ते एका वेगळ्या धोक्याबद्दल, जो डोळ्यांना दिसतच नाही.

जळगाव विमानतळावर प्रवासी एटीआर 72 उडतं आणि शिकाऊ विमानंही. समजा, एटीआर नुकतंच उडालं. धावपट्टी मोकळी, आभाळ स्वच्छ. तरी मागचं छोटं शिकाऊ सेस्ना पट्टीच्या तोंडाशी उभंच. टॉवर त्याला लगेच सोडत नाही.

बहुतेकांना वाटतं, पंख्याच्या वाऱ्याची भीती असेल. तो वारा थोड्या वेळात विरतो. खरी गोम पंखांत आहे. विमान उचललं जातं ते पंखाखाली दाब जास्त आणि वर कमी असतो म्हणून. पंखाच्या टोकाशी ही खालची हवा कडेने वर उसळते आणि गुंडाळली जाते. चैत्रात रिकाम्या वावरात वावटळ उठते ना, ती आडवी झोपवली तर जशी दिसेल, तशा दोन वावटळी विमानामागे सुटतात. दोघी एकमेकींच्या उलट फिरतात, मिनिटाला 300 ते 500 फूट खाली उतरतात आणि शांत हवेत दोन-तीन मिनिटंही टिकतात. विमान जितकं जड आणि संथ, तितका त्यांचा जोर मोठा. उड्डाणाच्या वेळी दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

एटीआरचं कमाल वजन सुमारे 23,000 किलो, सेस्ना 172 चं जेमतेम 1,100. या वावटळीच्या भोवऱ्यात सेस्नाचा एक पंख सापडला तर विमान कुशीवर पलटी खाऊ लागतं, आणि सावरायला खाली उंचीच नसते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमात वजनाचे गट पाडलेत: 7,000 किलोपर्यंत हलकं, 1,36,000 पर्यंत मध्यम, त्यापुढे जड, महाकाय ए380 विमानाचा गट स्वतंत्र. मध्यम विमानामागून हलकं उडणार असेल, तर दोन मिनिटं. त्याला पट्टीच्या अधल्यामधल्या ठिकाणाहून निघायचं असेल तर तीन, कारण मग ते पुढच्याने जिथे जमीन सोडली त्याच्या पलीकडे, नेमकं भोवऱ्यांतच वर येतं. पट्टीच्या टोकापासून निघालेला वैमानिक त्या जागेच्या अलीकडेच उचलतो आणि पुढच्याच्या वाटेच्या वर राहायला बघतो. पण सेस्ना एटीआरइतक्या जोमाने चढत नाही, म्हणून वारा येतो त्या बाजूला वळण्याचा मार्गही धरावा लागतो. आडवा वारा अगदी मंद असेल तर उलट पंचाईत: एक भोवरा पट्टीवरून हलतच नाही.

ही शिस्त फुकट आलेली नाही. 30 मे 1972 रोजी अमेरिकेत फोर्ट वर्थजवळ एक डीसी-9 विमान उतरताना मोठ्या डीसी-10 च्या मागे सापडलं आणि उलटलं. चौघे गेले. तेही सरावाचंच उड्डाण होतं. तिथून पुढे अंतराचे नियम कडक झाले.

मुंबईत या मिनिटांना वेगळाच भाव आहे. तिथल्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. 2023 मध्ये गर्दीच्या तासाला 46 उड्डाणं-उतरणी होत, म्हणजे सरासरी 78 सेकंदाला एक. त्यात जड विमानामागे मध्यम आलं की दोन मिनिटं मोजावीच लागतात. मध्यमामागे मध्यमाला मात्र असं बंधन नाही. म्हणून नियंत्रक जमेल तिथे जडांना एकापाठोपाठ लावतो. बाहेरून ही नुसती रांग वाटते, आत गणित चाललेलं असतं.

जळगावलाही तोडगा सोपा वाटतो: हलक्यालाच आधी सोडा, त्याच्या मागच्या एटीआरला भोवऱ्यांची फिकीर नाही. पण चढताना एटीआरचा वेग सेस्नाच्या दुपटीहून जास्त. ते पुढच्याला गाठणारच. हे दुखणं निराळं, त्याचं औषध पुढच्या आठवड्यात.